डिस्कच्या रॉमने हलवलेली अक्षरं: बीबीसी मायक्रोवरची मराठी प्रश्नमंजूषा इम्युलेटरवर चालवताना

सदाशिव पेठेतल्या एका शाळेने जुन्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. त्या निमित्ताने गणिताच्या एका निवृत्त बाईंच्या कपाटातून एक सी-६० कॅसेट निघाली. बीबीसी मायक्रो या ऐंशीच्या दशकातल्या संगणकावर बाईंनी स्वतः लिहिलेली मराठी प्रश्नमंजूषा तिच्यावर होती. प्रश्न देवनागरीत होते आणि एकेका अक्षराचं चित्र बाईंनी चौकटीच्या वहीत काढून संगणकाला शिकवलेलं होतं. संगणक शाळेत उरला नव्हता. त्यामुळे कॅसेट उतरवून प्रोग्रॅम लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवण्याचं काम एका माजी विद्यार्थ्याकडे आलं. टेप वाचायला एक रविवार पुरला. त्यानंतर मात्र सगळं नीट लोड होऊनही प्रोग्रॅम पाच ओळींच्या पुढे जाईना. या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते बरंचसं तिथे आहे.

मूळ यंत्र

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या संगणक-साक्षरतेच्या क्लास प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. मॉडेल बी म्हणजे २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट रॅम, १.२० ऑपरेटिंग सिस्टिम आणि रॉममध्येच (न पुसल्या जाणाऱ्या मेमरी चिपमध्ये) बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. डिस्क ड्राइव्ह जोडायचा तर डिस्क कंट्रोलर आणि डीएफएस नावाची, डिस्क हाताळणारी जादा रॉम बसवावी लागे. ज्यांच्याकडे ती नव्हती ते साध्या कॅसेट रेकॉर्डरवर काम करत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

एक खुलासा. बेसिकच्या आज्ञा आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते इंग्रजीत आणि शब्द कॅपिटल अक्षरांत द्यायचे. मेमरीचे पत्ते दशमान पद्धतीत आहेत. बीबीसी बेसिक तेही चालवून घेतं.

टेप उतरवणं

पहिला प्रयत्न घाईचा होता. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसमोर फोन धरून आवाज रेकॉर्ड केला आणि मेसेजिंग अॅपवरून पुढे पाठवला. त्यातून एकही ब्लॉक वाचला गेला नाही, आणि जाणारही नव्हता. बीबीसीच्या टेपवर शून्य म्हणजे १२०० हर्ट्‌झचं एक आवर्तन आणि एक म्हणजे २४०० हर्ट्‌झची दोन. सुरुवातीला सुमारे पाच सेकंद सलग २४०० हर्ट्‌झची शिटी असते. फोनच्या आवाज-शुद्धीकरणाला अशी एकसुरी शिटी गोंगाट वाटते आणि तो ती दाबतो. उरलंसुरलं कॉम्प्रेशनमध्ये जातं. कानाला ‘तोच आवाज’ वाटतो, पण आवर्तनांच्या कडा बोथट झालेल्या असतात.

दुसऱ्या वेळी नीट तयारी केली. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरते, म्हणून आधी कॅसेट उजेडात धरून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके आहेत का ते पाहावं. असतील तर ती तशीच वाजवू नये, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. इथे रीळ स्वच्छ होतं, पण हेडसमोरचा फेल्टचा छोटा तुकडा गोंद सुकून सुटला होता. तो नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज मधेमधे बुडतो. दुसऱ्या कॅसेटमधली पत्तीसकट गादी काढून बसवली. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळली, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले थर मोकळे होतात आणि ताण सारखा होतो.

डेक जुन्या बाजारातून आणलेला होता. हेड, कॅप्स्टन आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. रेकॉर्डिंगसाठी लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड वापरलं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेक लावू नये, तिथे पातळी फार जास्त होते आणि लाटांची शेंडी कापली जाते. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास, आणि साउंड सेटिंगमधल्या सगळ्या ‘सुधारणा’ बंद.

ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीची शिटी निवडून तिचा स्पेक्ट्रम काढला तर टोक २४०० ऐवजी २३१८ हर्ट्‌झवर. म्हणजे डेक सुमारे साडेतीन टक्के हळू चालत होता. सॉफ्टवेअरमध्ये वेग ३.५४ टक्के वाढवून हे दुरुस्त होतं, पण सैल बेल्टमुळे वेग नुसता कमी नसतो, तो डुलतोही, आणि ते डुलणं एका आकड्याने सुधारत नाही. तपकीर गल्लीत नवीन बेल्ट मिळाला. जुना ताणलेला बेल्ट नमुना म्हणून दिला तर तेवढाच सैल बेल्ट मिळतो, म्हणून पुलींभोवती दोरा फिरवून घेर मोजावा आणि त्याहून ५ ते ८ टक्के लहान घ्यावा. नव्या बेल्टवर टोक २३९१ हर्ट्‌झला आलं. एवढा फरक चालतो.

शाळेतला रेकॉर्डर मोनो होता आणि डेक स्टिरिओ. अशा वेळी दोन्ही बाजू मिसळू नयेत. हेड किंचित तिरकं असेल तर दोन्हींमधल्या लाटा मागेपुढे होतात आणि मिसळल्यावर एकमेकींना खातात. दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात आणि जी स्वच्छ वाचली जाईल ती घ्यावी. इथे डावी घेतली. मेकयूईएफने वेव्ह फाइलवरून यूईएफ फाइल केली. इम्युलेटरला कॅसेट म्हणून हीच दिली जाते.

फुटलेला ब्लॉक

बीबीसी २५६ बाइटांच्या ब्लॉकमध्ये लिहितो. प्रत्येक ब्लॉकला फाइलचं नाव, क्रमांक आणि दोन तपासबेरजा असतात, एक शीर्षकाची आणि एक मजकुराची. टेपवरच्या फाइलींची यादी देणारी *कॅट ही आज्ञा दिल्यावर दोन फाइली दिसल्या: ‘सुरू’ हा एका ब्लॉकचा छोटा लोडर, आणि ‘प्रश्न’ ही ६०८४ बाइटांची मुख्य फाइल. तिचे २४ ब्लॉक होतात, शेवटचा १९६ बाइटांचा. *कॅट हे आकडे सोळाच्या पायात दाखवतं आणि ब्लॉक शून्यापासून मोजतं, म्हणून शेवटचा क्रमांक १७ दिसतो, म्हणजे आपला २३. ‘सात ब्लॉक गहाळ’ असा समज तिथे सहज होतो.

‘प्रश्न’च्या ११ व्या ब्लॉकवर ‘डेटा?’ आणि खाली ‘रिवाइंड टेप’ असा संदेश आला, म्हणजे मजकुराची बेरीज जुळली नाही. बाईंनी मात्र त्या काळच्या शिस्तीप्रमाणे प्रोग्रॅम लागोपाठ दोनदा सेव्ह केला होता. दुसऱ्या प्रतीत ११ वा ब्लॉक चांगला होता आणि १९ वा खराब. या यंत्राची एक फार चांगली गोष्ट इथे कामी आली. ‘रिवाइंड टेप’ म्हटल्यावर ते थांबून त्याच नावाच्या त्याच क्रमांकाच्या ब्लॉकची वाट पाहतं, आणि तो कुठल्या प्रतीतून आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लोड चालू असताना इम्युलेटरच्या टेप कंट्रोलमधून टेप दुसऱ्या प्रतीवर नेली, ११ वा ब्लॉक तिथून घेतला, १९ वर अडल्यावर परत पहिल्या प्रतीवर आणली. मग प्रोग्रॅम न चालवता तसाच कोऱ्या यूईएफ फाइलवर सेव्ह केला. पेज म्हणजे प्रोग्रॅम मेमरीत जिथे सुरू होतो तो पत्ता, टॉप म्हणजे जिथे संपतो तो. टॉप वजा पेज बरोबर ६०८४ आलं.

चालतो, पण पाच ओळीच

इम्युलेटर म्हणजे विंडोजवरचं बीबइएम, मॉडेल बी, बाकी सगळं जसं आलं तसं. *टेप (फाइली कॅसेटवरून घे) दिलं, मग चेन (लोड करून चालव). लोडर आला, मुख्य प्रोग्रॅम आला, पडदा काळा झाला, आणि ‘नो सच एफएन/प्रॉक अॅट लाइन ५०’, म्हणजे ओळ ५० ला हवी असलेली प्रोसीजर (प्रोग्रॅममधला नाव दिलेला तुकडा) सापडत नाही. ज्या प्रोसीजरबद्दल तक्रार होती ती लोड करून नुसतं लिस्ट केलं तर प्रोग्रॅमच्या शेवटी व्यवस्थित होती. चूक आल्यानंतर लिस्ट केलं तर पहिल्या काही ओळी ठीक, मधे नुसता कचरा. एंड टाइप केल्यावर ‘बॅड प्रोग्रॅम’. म्हणजे टेपवरून बरोबर आलेला प्रोग्रॅम चालताना स्वतःलाच पुसत होता.

कारण लोडरच्या तीन ओळींत आहे:

१० *एफएक्स २०,३
२० पेज=४३५२
३० चेन "प्रश्न"

बीबीसी मायक्रोवर व्हीडीयू २३ ने अक्षराचा आकार बदलता येतो: अक्षराचा क्रमांक आणि मग आठ आडव्या ओळींचे आठ आकडे. बाईंचा ‘म’ असा आहे: व्हीडीयू २३,१८५,२५५,३४,३४,३४,१२६,९८,२,२. पहिला २५५ म्हणजे आठही ठिपके भरलेले, ती शिरोरेखा. शेजारच्या अक्षराचाही पहिला आकडा २५५ असला की रेघ आपोआप जुळते. ८ बाय ८ च्या घरात देवनागरी बसवायची ही पद्धत सुंदर आहे.

पण साध्या स्थितीत यंत्र फक्त ३२ आकारांना जागा देतं. १२८ ते १५९, १६० ते १९१, १९२ ते २२३ आणि २२४ ते २५५ हे चारही गट त्याच एका जागेकडे बोट दाखवतात. बाईंचे आकार ७४, क्रमांक १६० ते २३३. त्यासाठी *एफएक्स २०,३ द्यावं लागतं. मग वरच्या तीन गटांना २५६ बाइटांचं एकेक स्वतंत्र पान मिळतं, एकूण ७६८ बाइट. ही पानं जिथून वापरकर्त्याची मेमरी सुरू होते तिथेच ठेवली जातात. फक्त कॅसेट असलेल्या यंत्रावर ती जागा ३५८४. म्हणून अक्षरं ३५८४ ते ४३५१, आणि प्रोग्रॅम ४३५२ पासून. बाईंचा आकडा काटेकोर होता.

डीएफएस रॉम बसवलेल्या यंत्रावर मात्र ती रॉम आपल्या कामासाठी ३५८४ ते ६३९९ जागा राखून ठेवते आणि वापरकर्त्याची मेमरी ६४०० ला सुरू होते. बीबइएमचं मॉडेल बी या रॉमसकटच येतं. त्यामुळे अक्षरांची पानं ६४०० ते ७१६७ इथे गेली, आणि लोडरने मुख्य प्रोग्रॅम ४३५२ ते १०४३५ इथे ठेवला. म्हणजे अक्षरांची जागा प्रोग्रॅमच्या पोटात. ओळ ४० अक्षरं घडवायची प्रोसीजर बोलावते, ती एकेक अक्षर लिहीत प्रश्नांच्या डेटा ओळी पुसते. ओळ ५० पुढची प्रोसीजर मागते. बेसिक ती सुरुवातीपासून ओळ ओळ ओलांडत शोधतं, प्रत्येक ओळीची लांबी त्या ओळीतच लिहिलेली असते, आणि पुसलेल्या भागात शिरल्यावर लांब्या चुकून त्याची वाट हरवते.

जे दोन उपाय फसले

पहिला: लोडर टाळून, फक्त पेज=४३५२ हाताने देऊन ‘प्रश्न’ थेट चालवला. चूक आली नाही, पडद्यावर देवनागरी आली, पण वाचता येईना. *एफएक्स २०,३ नसल्यामुळे ७४ आकार ३२ घरांत कोंबले गेले आणि नंतर लिहिलेल्याने आधीचं पुसलं. १८५ च्या ‘म’च्या जागी सगळीकडे २१७ ची दुसरी वेलांटी. अक्षरं गिचमिड न दिसता स्वच्छ पण चुकीची दिसत असतील, तर हेच झालेलं असतं.

दुसरा: लोडरमध्ये पेज ४३५२ च्या जागी ७१६८ केलं, म्हणजे ६४०० अधिक ७६८. हिशोब बरोबर आहे, पण लगेच ‘बॅड मोड’ आलं. प्रोग्रॅम मोड १ ही पडद्याची मांडणी वापरतो, ३२० बाय २५६ ठिपके आणि चार रंग. त्याला पडद्यासाठी २० किलोबाइट लागतात आणि प्रोग्रॅमसाठी १२२८८ च्या खालचीच जागा उरते. ७१६८ अधिक ६०८४ म्हणजे १३२५२, तब्बल ९६४ बाइट जास्त. मूळ यंत्रावर प्रोग्रॅमनंतर १८५२ बाइट चलांसाठी शिल्लक होते. ही तंगी पाहून कुणी मोड ४ करावा म्हणेल, तो १० किलोबाइटच घेतो. पण त्यात दोनच रंग, आणि बरोबर उत्तर हिरवं, चुकीचं लाल हा बाईंच्या मांडणीचा गाभा होता. मोड ७ मध्ये तर प्रश्नच नाही: तिथली अक्षरं वेगळ्या टेलिटेक्स्ट चिपमधून येतात आणि व्हीडीयू २३ चा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही.

यापुढे प्रोग्रॅम कापायचा विचार सुरू झाला होता. तेवढ्यात बाईंशी बोलणं झालं.

“बाई, मशीन तर मी तेच निवडलंय, मॉडेल बी.”

“अरे, तेच कसं? सुरू झाल्यावर काय लिहून येतंय ते वाच बघू मला.”

“बीबीसी कॉम्प्युटर ३२के, मग एकॉर्न डीएफएस, मग बेसिक.”

“मधली ओळ आमच्याकडे यायचीच नाही. ड्राइव्ह कुठे होता आपल्याला?”

या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी निदान हेच. इम्युलेटर जे यंत्र देतो ते बहुतेक वेळा सगळ्यात सज्ज असतं, आणि प्रोग्रॅम लिहिला गेला ते त्या खोलीतलं साधं यंत्र असतं. प्रोग्रॅमला हात लावण्याआधी यंत्र त्या खोलीतलं करावं.

उपाय

बीबइएममध्ये कोणत्या खाचेत कोणती रॉम हे रोम्स.सीएफजी या साध्या मजकूर फाइलमध्ये असतं. ती डॉक्युमेंट्समधल्या बीबइएमच्या फोल्डरमध्ये सापडते. इम्युलेटर बंद करावा, फाइलची प्रत काढून ठेवावी. मॉडेल बीच्या भागात पहिली ओळ ऑपरेटिंग सिस्टिमची, त्याखाली १६ खाचांच्या १६ ओळी, १५ पासून शून्यापर्यंत. डिस्कच्या रॉमचं नाव असलेल्या ओळीवर ‘एम्प्टी’ हा इंग्रजी शब्द लिहावा. ओळ पुसून टाकू नये, नाहीतर खालच्या सगळ्या रॉम एक खाच वर सरकतात आणि मॉडेलांचे पुढचे भागही चुकतात. बेसिकच्या ओळीला हात लावू नये.

पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ आणि ‘बेसिक’ एवढंच यायला हवं. प्रिंट पेज दिल्यावर ३५८४. आता *टेप द्यायचीही गरज नाही, चेन आणि रिकामी अवतरणचिन्हं पुरे. प्रोग्रॅम लोड होऊन चालल्यावर एस्केप दाबून प्रिंट ?३७८४ करावं. ३५८४ अधिक २५ गुणिले ८, म्हणजे ‘म’च्या आकाराचा पहिला बाइट, आणि तिथे २५५ दिसलं की शिरोरेखा आपल्या जागी आहे.

रॉमच्या फाइलला हात लावायचा नसेल तर आणखी एक वाट आहे. *टेप, मग ?५७९=१४, मग पेज=३५८४, मग न्यू, आणि त्यानंतर चेन. ५७९ या पत्त्यावर वापरकर्त्याच्या मेमरीची सुरुवात २५६ च्या पानांमध्ये लिहिलेली असते आणि १४ गुणिले २५६ म्हणजे ३५८४. *टेप आधी हवंच, कारण डीएफएस चालू असताना तिची जागा घेतली तर ती तिथे पुन्हा लिहील. झटपट तपासायला हे छान आहे. पण ब्रेक दाबला की सगळं पुन्हा करावं लागतं, आणि प्रदर्शनात मुलं ब्रेक दाबणारच.

प्रदर्शनासाठी

टेपचा वेग जलद ठेवला होता तो लोड झाल्यावर मूळ वेगावर आणावा आणि इम्युलेटरही शंभर टक्के वेगाने चालतोय हे पाहावं. प्रत्येक प्रश्नाला टाइमच्या आधारे ३० सेकंद आहेत, यंत्र चौपट धावलं तर ती साडेसात होतात. मूळ वेगाने लोड व्हायला सुमारे दीड मिनिट लागतं: शीर्षकासह एक ब्लॉक २.४ सेकंदांचा, शिवाय मधली शिटी वेगळी. ते ऐकवण्यासारखं आहे, पण मुलांच्या रांगेसाठी लोड झालेली स्थिती सेव्ह करून ठेवली.

पडदा पूर्ण पटींतच मोठा करावा. इथे तिप्पट, ९६० बाय ७६८. शिरोरेखा एकाच ठिपक्याची आहे. अडीचपटीसारखी पट घेतली की ती काही ओळींत जाड आणि काहींत बारीक दिसते.

कीबोर्डची मांडणी ‘भौतिक’ ठेवली तर तारा (*) शिफ्ट आणि एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर येतो, अवतरणचिन्ह शिफ्ट-२ वर आणि बरोबरचं चिन्ह शिफ्ट आणि वजावर. मूळ यंत्रावर तसंच होतं. टाइप करणाऱ्यासाठी ‘तार्किक’ मांडणी सोपी. प्रश्नमंजूषेला फक्त १ ते ४ आणि रिटर्न लागतात, म्हणून इथे तार्किक ठेवली. ब्रेक एफ-१२ वर आहे.

शेवटी प्रोग्रॅम गुण टेपवर लिहितो आणि ‘रेकॉर्ड देन रिटर्न’ म्हणतो. त्या वेळी मूळ यूईएफ फाइल लावलेली नसावी. गुणांसाठी वेगळी कोरी फाइल ठेवली आणि मूळ फाइल फक्त-वाचनीय केली.

‘ळ’ मात्र उजवीकडे कापल्यासारखा दिसत होता. पट, मांडणी, ब्लॉकची बेरीज सगळं तपासून झालं. अखेर त्याचे आठ आकडे बाईंच्या चौकटीच्या वहीशी ताडून पाहिले, तर ते तंतोतंत तेच निघाले. आठ ठिपक्यांत दोन्ही वाट्या बसत नव्हत्या, म्हणून बाईंनी उजवी अर्धी ठेवली होती. तो तसाच ठेवला. वहीचं ते पान प्रदर्शनात लॅपटॉपशेजारी काचेखाली लावलं आहे. पेनड्राइव्हवर पाच फाइली आहेत: डाव्या आणि उजव्या बाजूच्या अस्पर्श वेव्ह, जोडलेली यूईएफ, बदललेली रोम्स.सीएफजी, आणि यंत्राचं वर्णन करणारी चार ओळींची मजकूर फाइल. तिची पहिली ओळ अशी: मॉडेल बी, ओएस १.२०, डिस्क नाही, पेज ३५८४.